पुरवठ्याची विद्या दासगावपर्यंत

महाडच्या अलीकडे मुंबई-गोवा महामार्गावर दासगाव लागते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सावित्रीची खाडी आणि मधून धावणारा रस्ता, एवढेच प्रवाशाच्या लक्षात राहते. हे गाव एकेकाळी बंदर होते, हे आता महाडच्या नव्या पिढीलाही सांगावे लागते. बाणकोटच्या मुखातून भरतीबरोबर आत शिरणारी गलबते येथवर येत. पुढे मुंबईची आगबोटही येथे लागू लागली. १७५६ साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहाने बाणकोटाबरोबर दासगावही इंग्रजांकडे गेले. इंग्रज जातीचा व्यापारी. खाडी जेथे संपते आणि घाटवाट जेथे सुरू होते, तो सांधा ज्याच्या हाती, त्याच्या हाती वरच्या मुलखाचा माल, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

पुढे रस्ते झाले, आगबोट थांबली. १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला आणि दासगावच्या शेजारी रेल्वे आली. बंदर गेले, पण माल गेला नाही. उलट तो कितीतरी पटींनी वाढला. हंगामात रत्नागिरीकडच्या हापूसच्या पेट्या कशेडी उतरून रात्रभर येथूनच वाशीकडे जातात. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे टँकर येथूनच जातात-येतात. याच रायगड जिल्ह्यात न्हावा-शेवाचे बंदर १९८९ पासून देशाचा कंटेनरचा व्यापार सांभाळते आहे. कोलाडहून तर १९९९ पासून भरलेले मालमोटारीचे ट्रकच रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढून गोव्याकडे जाऊ लागले. एवढी मोठी उलाढाल ज्या गावांच्या दारावरून चालते, त्या दासगाव, वहूर, वीर किंवा पोलादपूरच्या खोऱ्यातील तरुणाचा तिच्याशी संबंध कोणता? तो हमाल असतो, चालक असतो, क्लीनर असतो, गोदामाच्या फाटकावर रखवालदार असतो. यांपैकी कोणत्याही कामात कमीपणा नाही. परंतु कोणता माल, किती, केव्हा, कोणत्या वाटेने आणि कोणत्या भावाने जायचा, हे ठरविणाऱ्या खुर्चीवर तो नसतो. त्या खुर्चीपर्यंत नेणारे शिक्षण आज घरी राहून, अल्प खर्चात घेता येते. ते फारसे घेतले जात नाही. आणि घेतले जाते तेथेही पुष्कळदा केवळ कागदासाठी घेतले जाते. खंत आहे ती याची.

या शिक्षणाचे नाव ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’, म्हणजे पुरवठा साखळीचे व्यवस्थापन. कला शाखेच्या माणसाला हे जडजंबाल नाव प्रथम बिचकवते. आत शिरले की घरातलीच गोष्ट निघते. आगोटीच्या आधी तांदूळ, डाळ, सुकी मासळी, मीठ, सरपण यांची बेगमी करणारी कोकणातील आजी जे करीत होती, त्यालाच आज सुरक्षित साठा म्हणतात. पावसाळ्यात वरंधा घाट बंद झाला तर भोरकडून येणारा माल किती दिवस उशिरा पोहोचेल, याचा अंदाज महाडचा व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या बांधत आला. पुस्तकात त्याला पुरवठ्याचा कालावधी म्हणतात आणि तो गणिताने काढायला शिकवतात. फरक एवढाच, की आजीचा आणि व्यापाऱ्याचा अंदाज त्यांच्याबरोबर जातो. शास्त्र झाले की ते दुसऱ्याला देता येते.

या शास्त्रातील एक सिद्धांत कोकणातल्या वाचकाला चटकन पटेल. गणपतीत चाकरमानी गावी येतो. गावच्या किराणा दुकानात एरवी दहा गोण्या साखर खपते, ती या महिन्यात पंधरा खपेल असे समजा. दुकानदार तुटवडा नको म्हणून अठरा मागवतो. महाडच्या घाऊक व्यापाऱ्याकडे अशा पन्नास दुकानांची वाढीव मागणी येते. तो तीत आपली भर घालून वाशीला कळवतो. वाशीचा दलाल आणखी चढवून कारखान्याला कळवतो. गौरी-गणपती विसर्जन पावतात आणि साखळीच्या वरच्या टोकाला गोदामे भरून राहतात. मग खरेदी थांबते आणि दिवाळीला खरोखरच तुटवडा पडतो. चाबकाच्या मुठीला हलका हिसका द्यावा आणि टोकाला मोठा फटका बसावा, तसे हे होते. म्हणून त्याचे नावच चाबकावरून पडले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली याची मूळ मांडणी केली. यावरचा उपाय वाटतो तितका अवघड नाही. शेवटच्या दुकानात प्रत्यक्ष किती खपले, ते साखळीतील प्रत्येकाला एकाच वेळी दिसले पाहिजे. हे ज्याला समजले त्याने महाडच्या बाजारपेठेत नोकरी धरली, तरी तो मालकाचे व्याज वाचवील.

किंवा आंब्याचेच पाहा. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडले, पण फळाला किरणांची प्रक्रिया केल्यावरच. ती सोय होती नाशिक जिल्ह्यात लासलगावला, मूळची कांद्यासाठी उभारलेली. तेव्हा कोकणातील हापूस समुद्रकिनारा सोडून घाट चढून लासलगावला जाई आणि तेथून विमानासाठी मुंबईला परत येई. पुढे वाशीलाच अशी सोय झाली आणि वाट आखूड झाली. झाडावरून काढलेल्या फळाचा प्रत्येक तास मोलाचा असताना असा वळसा का पडतो, तो कोठे आखूड करता येतो आणि वाचलेल्या पैशांतला वाटा बागायतदाराला मिळतो की मधल्यालाच, हे प्रश्न विचारणारी माणसे कोकणातून का निघू नयेत?

या विषयाला केवळ धंद्याचा विषय मानणे दासगावच्या बाबतीत तर अगदीच चुकीचे ठरेल. २५ डिसेंबर १९२७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने आपल्या सहकाऱ्यांसह याच दासगाव बंदरात उतरले आणि येथून सुमारे पाच मैल चालत महाडला गेले. धरमतरवरून जाणाऱ्या बसमालकांच्या सहकार्याची खात्री नव्हती, म्हणून जलमार्ग. महाडचे व्यापारी शिधा विकायला तयार नव्हते, म्हणून परिषदेसाठी धान्य बाहेरून आणावे लागले. त्याच वर्षीच्या मार्चमधील परिषदेत तर पाणीसुद्धा पैसे देऊन घ्यावे लागले होते. आपल्याच समाजबांधवांना आपण पाणी, धान्य आणि वाहन नाकारले, हा हिंदू समाजाच्या इतिहासातला डाग आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पुरवठ्याची साखळी ज्याच्या हातात असते त्याच्या हातात नकार देण्याची शक्ती असते, हे महाडइतके दुसऱ्या कोणत्या गावाने पाहिले असेल? ही विद्या आणि तिच्यामागून येणारी आर्थिक सत्ता पूर्वापार दुकानदारी करणाऱ्या घरांपुरती न राहता प्रत्येक वाडीत, प्रत्येक वस्तीत पोहोचणे हा समरसतेचाच भाग आहे.

आणि मग २००५ चा जुलै आठवतो. २५ आणि २६ जुलैच्या त्या पावसात जुई, रोहन, कोंडिवते आणि दासगाव या गावांवर दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यान सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. बसही. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, हे निश्चितच कौतुकास्पद. पण मधल्या काळात महामार्ग चालू राहिला तो शेजारी आधीच दुसरा पूल होता म्हणून. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली आणि महाड शहर पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक वेळी स्वयंसेवक धावून जातात. मदतकार्यात ज्यांनी हात घातला आहे त्यांना ठाऊक आहे, की पहिल्या दोन दिवसांत येणाऱ्या ट्रकांत जुन्या कपड्यांचे ढीग असतात आणि हवे असतात खराटे, फावडी, जंतुनाशके, पिण्याचे पाणी, विजेऱ्या. कोणत्या वाडीला काय पोहोचले आणि काय नाही, याची नोंद ठेवणारा एक माणूस दहा ट्रकांच्या तोडीचा ठरतो. आपत्तीतील पुरवठा ही आज या शास्त्राची एक स्वतंत्र शाखा आहे. दरडींच्या या तालुक्यांत ती जाणणारी चार माणसे गावोगावी असणे ही चैन नव्हे.

आता खर्चाचा प्रश्न. पुण्या-मुंबईच्या खासगी व्यवस्थापन संस्थांत दोन वर्षांच्या शिक्षणाला लाखो रुपये लागतात. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. त्यासाठी कर्ज काढणारी, क्वचित जमिनीचा तुकडा विकणारी घरे आपल्या परिचयाची असतात. दुसरीकडे याच देशात स्वस्त आणि प्रतिष्ठित दूरशिक्षणाची परंपरा अर्धशतकाची आहे. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालचे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. शाळा अर्धवट सुटलेल्यालाही पूर्वतयारी करून पदवीपर्यंत जाता यावे, हा त्यांच्या रचनेतला विचार अंत्योदयाशी नाते सांगणारा होता. या विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी मराठीतून घेता येते. काम करता करता घेता येते. लग्नानंतर शिक्षण सुटलेली गृहिणी घेऊ शकते. बचत गटाचे पापड-लोणचे, कोकम, नाचणीचे पदार्थ पुण्याच्या दुकानांपर्यंत नेऊ पाहणाऱ्या महिलांना तर या विषयाची गरज कोणत्याही कारखान्याच्या व्यवस्थापकाइतकीच आहे.

याच्या पुढची पायरीही दूर नाही. देशातील आय. आय. टी. आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून ‘एनपीटेल’ या उपक्रमातून आपल्या प्राध्यापकांची व्याख्याने सर्वांसाठी खुली केली. २०१७ पासून केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ आहे. व्याख्याने ऐकायला पैसा लागत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर माफक शुल्क भरून नेमलेल्या केंद्रावर समोरासमोर परीक्षा द्यावी लागते. साठा-नियंत्रण, वाहतूक, पुरवठा साखळी हे विषय त्यांत आहेत. साहित्य-व्यवस्थापन क्षेत्रातील व्यावसायिकांची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट’ ही संस्था नवी मुंबईतून दूरशिक्षणाने पदविका देते. परदेशांतही वारे याच दिशेचे आहे. ज्या मॅसॅच्युसेट्स संस्थेचा वर उल्लेख केला, तिने २०१५ साली पुरवठा साखळीचाच अभ्यासक्रम निवडून जाहीर केले, की घरबसल्या शिकून उत्तम गुण मिळवणाऱ्याला पदव्युत्तर शिक्षणाचा अर्धा टप्पा त्यातून पार करता येईल. म्हणजे जगातील एका अग्रगण्य संस्थेला हा प्रयोग करावासा वाटला तो नेमका याच विषयात. कारण उघड आहे. या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही. जेथे माल हलतो ती प्रत्येक जागा त्याची प्रयोगशाळा.

मग अडते कोठे?

पहिली अडचण प्रतिष्ठेची आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. ‘बाहेरून केलेली पदवी’ म्हटले की मुलाखत घेणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. त्या आठीला इतिहास आहे. छत्तीसगढमध्ये भराभर निघालेली शंभरावर खासगी विद्यापीठे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर रद्दबातल ठरवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना पत्राद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर त्याच न्यायालयाने घाव घातला. या दोन्ही वेळी भरडला गेला तो विद्यार्थी. पण भरडण्यापूर्वी त्याला त्या वाटेवर कोणी नेले? शहराच्या नाक्यावर एका खोलीत ‘अभ्यास केंद्र’ अशी पाटी लावून बसलेल्या दलालाने. ‘परीक्षेचे आम्ही पाहतो’ या वाक्याला भुललेल्या पालकानेही. स्वस्त शिक्षण आणि हलके शिक्षण यांतला फरक आपण पुसून टाकला आणि मग आपणच तक्रार करतो, की या पदव्यांना किंमत नाही. सवलतीच्या परीक्षेने श्रीमंताच्या मुलाचे काही बिघडत नाही, त्याला घरची पेढी असते. ज्याच्याकडे पदवीखेरीज दुसरे भांडवल नाही, त्याच्या पदवीची पत घालवणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे. म्हणून मुक्त शिक्षणाच्या कैवाऱ्यांनीच कडक परीक्षेची मागणी सर्वांत आधी केली पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानल्या जाव्यात. मान्यता आहे की नाही हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहता येते. यादीत संस्थेचे नावच नव्हे, तो विशिष्ट अभ्यासक्रम आणि ते वर्ष आहे की नाही, तेही पाहावे लागते. हे पाच मिनिटांचे काम न केल्याने आयुष्याची दोन-तीन वर्षे जातात.

दुसरी अडचण भाषेची, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती पहिलीपेक्षा मोठी आहे. वाणिज्य पदवीपर्यंत मराठी पुरते. त्यानंतर विद्यार्थी एकदम इंग्रजीच्या खोल पाण्यात पडतो. व्याख्याने इंग्रजी, पुस्तके इंग्रजी, उदाहरणे डेट्रॉइट आणि नागोया येथील मोटारींची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली मातृभाषेतील उच्च शिक्षणाचा पुरस्कार केला खरा, पण धोरणाचे पुस्तक होत नाही. पुस्तक कोणीतरी बसून लिहावे लागते. मराठीला या विषयाचे वावडे आहे असे तर मुळीच नाही. वखार, हुंडी, बिल्टी, भरणा, तूट, आवक-जावक, अडत, वायदा हे सगळे शब्द आपल्या पेठांनी घडवले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे, व्यापारी राज्यात का आणावेत, पेठा का वसवाव्यात आणि टोपीकरांशी व्यवहार कसा सावधपणे करावा, याचा विचार त्यात आहे. ज्या रायगडावर बाजारपेठ बांधून काढली गेली, तो याच महाड तालुक्यात. असे असताना पुरवठा साखळीवर मराठी विद्यार्थ्याला समजेल असे, दासगाव-महाड-न्हावाशेव्याची उदाहरणे असलेले पाठ्यपुस्तक सहज हाती लागू नये, ही आपल्या विद्वज्जनांच्या निष्क्रियतेची साक्ष आहे. महाराष्ट्रात १९६३ पासून पवईला औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आहे; २०२३ साली ती भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई झाली. साखळी व्यवस्थापनातील तिचा लौकिक सर्वमान्य आहे. पवई ते दासगाव हे अंतर एका दिवसात जाऊन येण्याजोगे, पण विद्येने ते अजून कापलेले नाही.

तिसरी अडचण एकटेपणाची. पुस्तकांचे गठ्ठे घरी येतात, पहिला महिना उत्साहाचा जातो, मग शेत, नोकरी, लग्नसराई आणि डोंगरात न पोहोचणारे मोबाईलचे जाळे यांत अभ्यास मागे पडतो. दूरशिक्षणात नाव घालणारे पुष्कळ, शेवटपर्यंत जाणारे थोडे. याला उत्तर विद्यापीठाकडे नाही; ते गावाकडेच आहे. आठवड्यातून एक दिवस शाळेच्या रिकाम्या खोलीत आठ-दहा जण एकत्र बसले, एकाने वाचलेले दुसऱ्याला सांगितले, कोणा निवृत्त शिक्षकाने सांख्यिकी समजावली, तर अर्धे काम होते. चार माणसांना नियमाने एकत्र आणण्याची हातोटी ज्या कार्यकर्त्यांकडे आहे त्यांना हे सांगण्याची गरज नसावी. लघु उद्योग भारतीचे काम करणाऱ्यांनी महाडच्या वसाहतीतील एखाद-दुसऱ्या कारखान्याचे भांडार आणि पाठवणी विभाग अशा गटासाठी महिन्यातून एकदा उघडून द्यावा. मालाच्या वस्तू व सेवा कराची कागदपत्रे, २०१८ पासून लागू झालेले ई-वे बिल, धोकादायक रसायने वाहणाऱ्या चालकाला घ्यावे लागणारे विशेष प्रशिक्षण, कंटेनरचे मोहोर, वीर स्थानकावरून काय जाऊ शकते आणि काय नाही, हे पाहिलेला विद्यार्थी मुलाखतीत पदवीचे नाव सांगण्याआधीच ओळखू येतो. वर्षानुवर्षे ट्रक चालवलेल्या माणसालाही या गटात बोलवावे. २०११ साली सुरू झालेले महामार्गाचे चौपदरीकरण एका तपाहून अधिक काळ रेंगाळले, तेव्हा त्याचे डिझेल, टायर आणि वेळ यांची किती नासाडी झाली याचा हिशेब त्याच्या डोक्यात आहे. तो कागदावर उतरवणे हाच एक उत्तम प्रकल्प होईल.

१९८२ च्या गिरणी संपानंतर कोकणातील हजारो घरांनी एक धडा अनुभवला. मुंबईची एक वाट बंद झाली की गावात परत येण्याखेरीज उपाय नव्हता आणि गावात परतल्यावर करण्याजोगे काही नव्हते. त्यांच्या नातवंडांपुढे स्थिती वेगळी आहे. माल त्यांच्या दारावरून जातो आहे, शिक्षण खिशातल्या यंत्रावर येऊ शकते. दूरशिक्षणाचे मुख्य प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात, म्हणजे नेमके भातलावणीच्या आणि पुराच्या दिवसांत. त्यामुळे चौकशी, यादीतील पडताळणी आणि शुल्काची तजवीज बेगमीसारखी मे महिन्यातच, चाकरमानी गावी असतानाच, उरकून घ्यावी लागेल.